अर्धा तास तुझा, अर्धा तास माझा

स्पेनच्या दक्षिणेकडील ग्रानादा शहरात विद्यापीठाच्या कोणत्याही विद्याशाखेत शिरले की दाराजवळच्या फलकावर चिठ्ठ्यांची दाटी दिसते. खोली भाड्याने देणे आहे, जुनी सायकल विकणे आहे, गिटार शिकवून मिळेल. या गर्दीत एक शब्द हमखास पुन:पुन्हा भेटतो: 'इंतेरकाम्बिओ'. म्हणजे विनिमय. चिठ्ठीची खालची कड कातरून तिच्या पट्ट्या केलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. ज्याला हवा त्याने तो फाडून न्यावा. देऊ केलेला माल स्पॅनिश, मागितलेला माल इंग्रजी. पैशाची बात नाही. कॉफीच्या एका पेल्यावर एक तास बसायचे; अर्धा तास एकाची भाषा बोलायची, अर्धा तास दुसऱ्याची.

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही पारडी समान राहिली पाहिजेत, एवढीच त्याची अट. ती पाळणे मात्र दिसते तितके सोपे नाही.

ग्रानादा या शब्दाचा स्पॅनिश अर्थ डाळिंब. शहराच्या बोधचिन्हात डाळिंब आहे, रस्त्याकडेच्या खांबांवरही ते दिसते. सोलापूर-सांगोल्याकडील वाचकांना हे शहर नावानेच जवळचे वाटेल. येथील विद्यापीठ सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पुढाकाराने १५३१ साली स्थापन झाले. त्याला एक कुंपण, एक फाटक असा प्रकार नाही. साहित्य आणि तत्त्वज्ञान कार्तूखाच्या टेकडीवर, विज्ञानशाखा फुएन्तेनुएवा भागात, कायद्याची शाखा शहराच्या मध्यवस्तीत. राजघराण्याच्या समाधिमंदिरासमोर १३४९ साली बांधलेली मुस्लिम राजवटीतील मदरसा आहे, तीही आज विद्यापीठाचीच वास्तू आहे. अडीच लाखांहून कमी वस्तीच्या या शहरात विद्यार्थी पन्नास हजारांहून अधिक. साहजिकच विद्यापीठाचे जीवन आणि शहराचे जीवन यांच्यामध्ये भिंत उरलेली नाही. त्यात १९८७ पासून सुरू असलेल्या 'एरास्मुस' योजनेतून युरोपभरचे विद्यार्थी एका सत्रासाठी वा वर्षासाठी येथे येतात, आणि त्यांच्या पसंतीच्या विद्यापीठांत ग्रानादा अनेक वर्षे आघाडीवर राहिले आहे. वर्गातल्या एका बाकावर इटालियन, दुसऱ्यावर पोलिश, तिसऱ्यावर जर्मन असे दृश्य येथे नित्याचे.

अशा ठिकाणी इंग्रजी सहज येत असेल असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्पेनमधील जुन्या पिढीने शाळेत परकी भाषा म्हणून बहुधा फ्रेंच शिकली. १९४१ साली तेथील हुकूमशाही राजवटीने परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये ध्वनिमुद्रित करूनच दाखवावेत असा आदेश काढला. आदेश पुढे मागे पडला, सवय मात्र राहिली. अमेरिकी नट पडद्यावर अस्खलित स्पॅनिश बोलतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शेजारच्या पोर्तुगालात चित्रपट मूळ भाषेत आणि खाली उपशीर्षके असा रिवाज असल्यामुळे तेथील मुलांच्या कानावर इंग्रजी लहानपणापासून पडत राहिले. स्पेनच्या मुलाच्या कानाला ती संधीच मिळाली नाही. ग्रानादा विद्यापीठाच्या चित्रपट मंडळात चित्रपट मूळ भाषेत दाखवले जातात. तेथे पहिल्यांदाच एखाद्या ओळखीच्या नटाचा खरा आवाज ऐकून विद्यार्थी चकित होतात, क्वचित नाराजही होतात.

आणि तरीही इंग्रजीवाचून सुटका नाही. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. अंदालुसिया प्रांतातील विद्यापीठांत पदवी हाती पडायची तर परकीय भाषेची तिसरी पायरी, बी-१, ओलांडल्याचा दाखला द्यावा लागतो. भाषा कोणतीही चालते. बहुतेक जण इंग्रजीच निवडतात. सर्व विषय उत्तीर्ण, शेवटचा प्रबंधही मंजूर, आणि एका दाखल्यासाठी पदवी अडलेली, असे विद्यार्थी मग त्या फलकासमोर उभे राहतात. बारा-पंधरा वर्षे शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी शिकूनही तोंड उघडत नाही, हे त्यांचे दुखणे. आपल्याकडच्या वाचकांना ते परके वाटणार नाही.

तोंड का उघडत नाही याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. 'बेर्ग्वेन्सा' असा एक स्पॅनिश शब्द आहे; लाज, संकोच, चारचौघांत हसे होण्याची भीती, हे सारे त्यात येते. वर्गात एखाद्याने इंग्रजी शब्दाचा उच्चार जरा नेटका केला तरी सोबती त्याची नक्कल करतात. म्हणून येत असूनही मुद्दाम स्पॅनिश धाटणीने उच्चार करणारी मुले आहेत. शिक्षकाला कळत नाही की ही चूक अज्ञानाची आहे की मैत्री टिकवण्यासाठी केलेली.

चुका तशा ठरावीक असतात. स्पॅनिशमध्ये शब्दारंभी 'स्' ला जोडून दुसरे व्यंजन येत नाही, आधी 'ए' लागतो. त्यामुळे 'स्पेन'चे 'एस्पेन' आणि 'स्कूल'चे 'एस्कूल' होते. ग्रामीण मराठीने 'स्टेशन'चे 'इस्टेशन' केले ते याच न्यायाने. स्वर अवघे पाच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तेव्हा 'शिप' आणि 'शीप', जहाज आणि मेंढी, एकाच उच्चारात उरकतात. 'ब' आणि 'व' वेगळे नाहीत. 'पाऊस पडतो आहे' म्हणताना स्पॅनिशला कर्ता लागत नाही, त्यामुळे इंग्रजीतला 'इट' गळून पडतो. वय सांगताना 'माझ्यापाशी वीस वर्षे आहेत' अशी रचना होते. त्यातही अंदालुसियाचे लोक स्वत:च्याच भाषेतला शब्दान्तीचा 'स' गिळतात, मग इंग्रजी अनेकवचनाचा 'स' त्यांच्या मुखी कोठून यावा?

फसव्या शब्दांची तऱ्हा आणखी न्यारी. स्पॅनिश 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. हा शब्द तसाच इंग्रजीत नेणारा विद्यार्थी प्राध्यापकांना सर्दीचे कारण सांगायला जातो आणि बद्धकोष्ठाची तक्रार करून येतो. पण विनिमयात उपहासही दोन्ही बाजूंनी चालतो. स्पॅनिश शिकणारी इंग्रज मुलगी 'मी ओशाळले' असे म्हणण्यासाठी 'एम्बाराथादा' हा शब्द वापरते, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ गरोदर असा होतो. टेबलाभोवती हशा पिकतो. पहिल्या अर्ध्या तासात ज्याच्यावर हसले गेले, तो दुसऱ्या अर्ध्या तासात मोकळेपणाने हसू शकतो. वर्गात शिक्षकाला कधी चुकताना पाहिले नाही म्हणून जी भीती बसली होती, ती येथे सैल होते. समोरचाही तितकाच चुकतो आहे, हे डोळ्यांना दिसते.

या शहराचा थोर कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याची हकीकत या संदर्भात आठवण्याजोगी आहे. त्याने १९२३ साली याच विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. १९२९ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकण्यासाठी त्याने नाव घातले. तेथे तो सुमारे नऊ महिने राहिला. त्या वास्तव्यातून स्पॅनिश साहित्यातला एक अपूर्व काव्यसंग्रह निर्माण झाला, जो त्याच्या हत्येनंतर चार वर्षांनी, १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी मात्र त्याला जेमतेमच आली. त्याच्या भोवती स्पॅनिश बोलणारे मित्र, स्पॅनिशचे प्राध्यापक, स्पॅनिश गाणी यांचे कोंडाळे होते. इंग्रजीवाचून त्याचे कोठेही अडले नाही. अमेरिकेच्या महानगरात राहून कवीला जे साधले नाही, ते आज त्याच्याच गावातली मुले गाव न सोडता साधतात. मुलाला परदेशी पाठवले की भाषा आपोआप येईल असा हिशेब मांडणाऱ्या पालकांनी लोर्काचे ते नऊ महिने जमेस धरावेत.

भाषेची खरी कसोटी लागते ती भाड्याच्या घरात. स्पेनमधील विद्यार्थी वसतिगृहापेक्षा चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या सदनिकेत अधिक राहतात. वीज कोणी भरायची, कचरा कोणी खाली न्यायचा, स्वयंपाकघराची पाळी कोणाची, यावरून दररोज बोलावेच लागते. ग्रानादाचा, इटलीचा आणि पोलंडचा विद्यार्थी एका छताखाली असतील तर ते भांडण इंग्रजीत होते. अशा वेळी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्याला फरशी पुसण्याच्या दांड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवत नाही. दांड्याचा पोछा आणि पिळायची बादली ही जोडी आपल्या देशाची देणगी असल्याचे स्पॅनिश माणूस अभिमानाने सांगतो; म्हणून ही अडचण त्याला विशेष बोचत असावी.

आहाराच्या बाबतीत तर शब्दाची चूक फार महागात पडू शकते. ग्रानादात अजूनही पेयाबरोबर एक लहान बशी खाणे फुकट देण्याची चाल आहे. बशीत काय यावे हे बहुधा दुकानदार ठरवतो. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. स्पॅनिश बोलीत 'कार्ने' म्हटले की अनेकांच्या मनात ताजे मांस येते. डुकराच्या वाळवलेल्या मांडीचे काप आणि मासे त्यांना वेगळ्या खात्यातले वाटतात. त्यामुळे मांसाविना मागवलेल्या कोशिंबिरीत टुना मासा निघतो, आणि देणाऱ्याच्या मनात काही कपट नसते. 'तोर्तिया' या निरुपद्रवी नावामागे अंडी, बटाटे आणि पुष्कळदा कांदा असतो. आपल्या घरातून तेथे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना हे माहीत असणे अगत्याचे आहे: काय चालत नाही ते एकेका पदार्थाचे नाव घेऊन, आधी सांगावे लागते. आणि जो स्पॅनिश मित्र इंग्रजीचा सराव म्हणून त्या पदार्थाची कृती सांगत असतो, त्यालाही येथे शब्द चाचपत बसण्याची मुभा नाही. समोरच्याचा नेम त्याच्या एका शब्दावर अवलंबून असतो. अचूक बोलण्याचा याहून कडक वर्ग कोणत्या भाषाकेंद्रात मिळणार?

फलकावरच्या चिठ्ठ्यांनाही बाजारभाव असतो. इंग्लंड, आयर्लंड किंवा अमेरिकेहून आलेल्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीच्या पट्ट्या लवकर संपतात, हंगेरीच्या विद्यार्थिनीची चिठ्ठी मात्र तशीच फडफडत राहते. मागणी करणाऱ्याला अस्सल माल हवा असतो. हा अंदाज चुकीचा आहे. ग्रानादाला लागून खाएन जिल्हा आहे. जगात सर्वाधिक ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये निघते, आणि स्पेनमध्ये सर्वाधिक या जिल्ह्यात. ऑलिव्हच्या बागा असलेल्या घरांतली मुले या विद्यापीठात वाणिज्य शिकतात. उद्या त्यांचा ग्राहक इटालियन असेल, जपानी असेल, मुंबईचा आयातदार असेल. त्या सौद्याच्या मेजावर इंग्रज माणूस बहुधा नसेलच. दोन्ही बाजूंची इंग्रजी शिकलेली, दोन्ही बाजूंना आपापल्या मातृभाषेचा रंग, आणि दर, वजन, मुदत यांत गफलत होता कामा नये. याची तालीम हंगेरीच्या विद्यार्थिनीबरोबरच चांगली होते. ती सावकाश बोलते, सोपा शब्द शोधते आणि न कळलेले पुन्हा विचारते.

आता पारड्यांविषयी. परदेशी विद्यार्थी ग्रानादाला येतो तो स्पॅनिश शिकण्यासाठी. त्याने अडखळत पहिले वाक्य उच्चारले की समोरचा चटकन इंग्रजीकडे वळतो, कधी सौजन्य म्हणून, कधी स्वत:चा सराव साधण्यासाठी. पाहुण्याला नाही म्हणवत नाही. असे करता करता सत्र संपते, आणि स्पेनमध्ये पाच महिने राहून इंग्रजीच सुधारून परतलेले विद्यार्थी दिसतात. यजमानाने पाहुण्याचा अर्धा तास वापरला आणि परत केला नाही. भाषेची उधारी वहीत लिहिली जात नसल्यामुळे तगादाही लावता येत नाही. कळते तेव्हा पाहुणा विमानतळावर असतो.

म्हणून जुने जाणते विद्यार्थी नवख्यांना एक युक्ती सांगतात. कॉफी आली की भ्रमणध्वनी मेजावर, दोघांच्या मधोमध ठेवायचा आणि त्यात अर्ध्या तासाचा गजर लावायचा. आधी कोणाची भाषा, हे नाणे उडवून ठरवायचे. गजर वाजला की कथा कितीही रंगात आलेली असो, वाक्य आहे तिथे सोडायचे आणि उरलेले दुसऱ्याच्या भाषेत पूर्ण करायचे. कार्तूखाच्या उपाहारगृहात दुपारच्या जेवणाआधी, दोनच्या सुमारास, असे गजर एका मेजावरून दुसऱ्या मेजावर वाजत राहतात. एखादी मुलगी 'आणि मग माझी आजी म्हणाली' एवढे इंग्रजीत बोलून थांबते, आणि आजी काय म्हणाली ते स्पॅनिशमध्ये सांगू लागते.