प्रश्न पटावरचा आणि पटाबाहेरचा

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय. आणि याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळवून दिला. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता, एवढे सांगितले म्हणजे या झुंजीची कल्पना यावी. विजयानंतर लगेच झालेल्या मुलाखतीत ती एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, की आपल्याला डावाच्या अखेरच्या टप्प्याचा खेळ अजून शिकायला हवा. त्या दिवसांतील बातम्या आठवून पाहिल्या तर अश्रू आठवतात, आईला मारलेली मिठी आठवते, सत्काराचे हार आठवतात. ते वाक्य मात्र शोधावे लागते. डावाच्या अखेरीस नेमके कोठे चुकले, हे तिला विचारण्याची उत्सुकता आपल्याकडे फारशी कोणाला वाटली नाही.

याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर तिने एक तक्रार जाहीरपणे मांडली होती. प्रेक्षकांचे लक्ष आपल्या कपड्यांवर, केसांवर, उच्चारांवर असते. डावांकडे मात्र फार थोडे लोक पाहतात, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. ‘प्रसिद्धी हवी तर हेही सोसले पाहिजे’ असा शहाणपणा सांगणारे अशा वेळी पुढे येतातच. पण तिने कोणाकडे सन्मान मागितला नव्हता. माझे डाव पाहा, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि ते साऱ्या वार्ताहर जगताने कान उघडून ऐकावे असे आहे. (येथे खेळाडूंचा उल्लेख एकवचनी केला आहे, त्यात अनादर नाही. गावसकर आपल्याला नेहमी ‘तो’च राहिला. मान हा केवळ बहुवचनात नसतो.)

खेळाडूला अडचणीचा प्रश्न विचारू नये, त्याने त्याचा अवमान होतो, असा एक समज आपल्याकडे दृढ आहे. बुद्धिबळाच्या जगातील अनुभव याच्या उलट आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. आनंद आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर खेळत होता. पाचवा आणि सहावा डाव तो लागोपाठ हरला. त्यानंतरच्या वार्ताहर परिषदेत, यापुढे आपण शक्य तेवढा चांगला प्रयत्न करू, असे तो म्हणाला. तेव्हा एका परदेशी वार्ताहराने त्या ‘चांगल्या प्रयत्ना’चा खुलासा करायला सांगितले. एरवी अत्यंत सौम्य बोलणारा आनंद चिडला आणि त्याने त्या वार्ताहराला चांगलेच फटकारले. पुढे नवव्या डावात, अठ्ठाविसाव्या खेळीला, उंट हलवायचा तेथे त्याने घोडा हलवला आणि डाव तत्क्षणी संपला. जगज्जेत्याच्या हातून झालेली ती उघडी चूक होती आणि तिच्याविषयी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. आनंदने ती आडपडदा न ठेवता कबूल केली. चुकीविषयीचा प्रश्न अधिक बोचणारा असतो. तरीही आनंद चिडला तो चुकीवर नव्हे, पोकळ प्रश्नावर. ज्या प्रश्नामागे पटावरचे काहीच नाही, तो कितीही गोड शब्दांत विचारला तरी खेळाडूला कळते, की समोरच्याने आपले चार-पाच तासांचे श्रम पाहिलेलेच नाहीत.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. पाच तास डोके शिणवून हरलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांत दिव्यांच्या झोतात बसवायचे आणि त्याला बोलते करायचे, हे माणुसकीला धरून आहे काय? २०१६ साली न्यूयॉर्क येथे आठवा डाव सर्गेई कारियाकिनकडून हरल्यावर कार्लसन मंचावर येऊन बसला, प्रतिस्पर्धी येईपर्यंत थांबणे त्याला असह्य झाले आणि एकही प्रश्न न घेता तो उठून गेला. करारानुसार त्याला दंड झाला. दंड योग्यच होता, कारण नियम दोघांना सारखाच असतो. पण त्या दिवशीचा त्याचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांना त्याचा राग आला नसेल. उलट १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला चौदाव्या डावात हत्तीच्या एका चुकीच्या खेळीने जगज्जेतेपद गमावून बसलेला डिंग लिरेन त्याच संध्याकाळी शांतपणे प्रश्नांना सामोरा गेला, आणि अठरा वर्षांच्या गुकेशने विजेता म्हणून बोलताना आधी डिंगचा गौरव केला. त्याआधी दीर्घ काळ डिंग मानसिक आजाराशी झगडत होता व त्याविषयी तो स्वतः बोललाही होता. अशा माणसाला हत्ती तेथे का नेला हे विचारता येते. तुम्ही पूर्ण बरे झाला आहात काय, हे शंभर जणांसमोर विचारणे मात्र प्रश्नकर्त्याने स्वतःहून टाळावे. ही मर्यादा कोणत्याही नियमावलीत लिहिता येत नाही.

आणि काही प्रश्न असे असतात, की ते न विचारणे हाच अपराध ठरतो. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी मॉस्कोत, पाच महिने आणि ४८ डाव चाललेला कारपोव-कास्पारोव सामना निकालाविना थांबवत असल्याची घोषणा आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी वार्ताहर परिषदेत केली. खेळाडू थकले आहेत, असे कारण त्यांनी दिले. सभागृहात बसलेला कास्पारोव उभा राहिला आणि आपल्याला खेळायचे आहे, असे त्याने सांगितले. त्या परिषदेत अध्यक्षांची झालेली कोंडी सर्वांनी पाहिली. हारतुऱ्यांची सभा असती तर ती दिसली नसती.

आता आपल्याकडे यावे. नांदेड-लातूरकडे पाहुण्याचा मान राखण्याची रीत शाल, श्रीफळ आणि पुष्पहार यांत पुरी होते. सत्कारमूर्तीला प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. निकालाच्या दिवसांत लातूरमध्ये हे दरवर्षी घडते. ‘लातूर पॅटर्न’चे यश साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे व ते खरेही आहे, पण यशस्वी विद्यार्थ्यासमोर आपण प्रश्न ठेवतो ते कोणते? दिवसाला किती तास अभ्यास केलास, श्रेय कोणाला देशील, पुढे डॉक्टरच होणार ना? उत्तरेही ठरलेली. भौतिकशास्त्रातील कोणत्या उदाहरणाने तुला दोन रात्री झोपू दिले नाही, हे कोणी विचारत नाही. कारण ते विचारायचे तर आपल्याला ते उदाहरण पाहावे लागेल. प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभात त्याने विजेत्या मुलीला विचारले होते, की खेळामुळे अभ्यासाचे नुकसान होत नाही का? तिने नम्रपणे ‘नाही’ म्हटले आणि ती गप्प झाली. तिच्या हातात तिच्या डावांच्या नोंदीचे कागद होते. ते मागून पाहावेत, हे त्या वेळी सुचले नाही.

वास्तविक या भागाची परंपरा अशी नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’साठी जे दीर्घ पत्र लिहिले, तेच त्या कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले गेले. ज्या शिवाजीमहाराजांपुढे मराठी माणूस नुसते हात जोडतो, त्यांच्याविषयी कुरुंदकर त्यात प्रश्नांमागून प्रश्न उभे करतात. त्या प्रश्नांनी महाराजांचा मोठेपणा उणावला, असे कोणाला वाटले नाही. तो अधिक कळला. एवढे वाचून, एवढा विचार करून विचारलेला प्रश्न हीच तेथे आदराची रीत होती. १९८२ साली ते गेले. त्यांच्या नावाने व्याख्याने होतात, आणि त्या व्याख्यानांनंतरही प्रश्नांना वेळ उरत नाही, ही गंमत नव्हे.

मराठी बुद्धिबळाच्या इतिहासात तर खाडिलकर भगिनींचे उदाहरण आहे. १९७६ साली, तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झालेली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असा निर्वाळा महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. (हे यूवे माजी जगज्जेते, आणि व्यवसायाने गणिताचे शिक्षक.) ही मुलगी पुरुषांत कशाला, हा तेव्हाचा प्रश्न पटाबाहेरचा होता. त्याचे उत्तर पटावर मिळाले. १९८१ साली हैदराबादला रोहिणी आशियाई विजेती झाली. पुढे जयश्री ‘नवाकाळ’च्या आणि रोहिणी ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. ज्यांना एकेकाळी नको ते प्रश्न ऐकावे लागले, त्यांच्याच हाती प्रश्न विचारणाऱ्यांची लेखणी आली.

आपल्या तालुक्या-जिल्ह्यांच्या स्पर्धांतही अडचणीच्या प्रश्नांची उणीव नाही. फक्त ते विजेत्या मुलांऐवजी मंचावरील इतरांना विचारायचे आहेत. परगावी खेळायला जाणाऱ्या मुलीच्या सोबतीचा आणि मुक्कामाचा खर्च कोण करतो? दहावीच्या वर्षी पटावरून उठलेल्या मुलींपैकी पुन्हा किती जणी बसल्या? शाळेतील घड्याळे कपाटात किती वर्षे कुलूपबंद आहेत? आणि विजेत्या मुलीसाठी एक प्रश्न राखून ठेवावा. तिच्याजवळचा नोंदीचा कागद हाती घ्यावा, हरलेला डाव कोणता ते तिलाच दाखवायला सांगावे, आणि विचारावे, की बाई, येथे घोडा मागे का घेतलास?