शेवटच्या बाकाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फलकांवर टक्केवारी झळकू लागते. तिसरीतच मागे पडून दहावीपर्यंत न पोहोचलेल्या मुलाची नोंद मात्र त्या आकड्यात कोठेच नसते. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या श्रमिक वस्तीत शाळेची परीक्षा घ्यावयाची तर ती शेवटच्या बाकावरून घ्यावयास हवी.

यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा बाप आणि घरी विड्या वळणारी आई, अशी या भागातील कितीतरी घरे. पद्मशाली कुटुंबांतून तेलुगू बोलली जाते आणि शाळेत पुष्कळदा मराठी पुस्तक पुढ्यात येते. अशा वेळी ‘घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, शिक्षकाने काय करावे?’ असा प्रश्न विचारला जातो. परिस्थितीचे वर्णन म्हणून तो खरा आहे; सबब म्हणून नव्हे. ज्याच्या घरी शिकविणारे कोणी नाही त्याच्यासाठीच तर सार्वजनिक शाळा निर्माण झाली.

गरिबाचे मूल शिकत नाही, हा समज अनुभवाने खोटा ठरला आहे. 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत वस्तीतीलच तरुणी नेमल्या. प्राथमिक वर्गांतील मागे पडलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली, तेव्हा सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाल्याचे दिसले. खर्च अल्प होता. अभ्यासक्रम जेथे पोहोचला आहे तेथून नव्हे, तर मूल जेथे उभे आहे तेथून शिकविण्यास आरंभ करणे, एवढेच त्याचे रहस्य.

हे करण्यास मुख्याध्यापकाला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एक उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. रोजचा एक तास इयत्तांच्या भिंती बाजूस सारून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करावेत. सर्वांत कसबी शिक्षक दहावीऐवजी पहिली-दुसरीला द्यावा. तेलुगू जाणणारा शिक्षक नसेल तर वस्तीतील एखाद्या आईची मदत घ्यावी. घरच्या भाषेच्या आधाराने मराठी लवकर येते. पालकसभा यंत्रमागाची पाळी सुटल्यावर आणि विड्या कारखान्यात देऊन बाया परतल्यावर भरवावी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्यांना केवळ सहीपुरते बोलाविणे ही कायद्याची थट्टा होय.

मात्र सारा भार शिक्षकावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांस देऊ नये, असे हाच कायदा सांगतो. तरीही अहवाल व माहिती भरण्याचे ओझे वाढतच जाते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची 1966 मधील शिफारस आजवर अपुरीच राहिली. 2020 साली याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक पुरस्कार लाभला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु एका शिक्षकाच्या गौरवाने हजारो वर्गांची उणीव भरून निघत नाही.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी दाखवून दिले होते, की सरकारी तिजोरी कष्टकऱ्यांच्या घामातून भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या थरांना मिळतो. शिक्षक संघटनांनी वेतनासाठी लढे दिले, ते न्याय्यच होते. यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार स्त्री हेही त्याच श्रमिक वर्गाचे घटक आहेत. त्यांच्या मुलाला तिसरीत वाचता येणे ही मागणी संघटनेच्या मागणीपत्रात वेतनश्रेणीच्या शेजारी आली, तर शेवटचा बाक फार काळ शेवटचा राहणार नाही.