झेल कोणाच्या खात्यावर?

धान कापून झालं की आरमोरी-वडसापासून मूल-सिंदेवाहीपर्यंत मोकळ्या बांध्यांमध्ये टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. या आठवड्यात अशाच एका स्पर्धेचं पत्रक हाती आलं. उत्कृष्ट फलंदाजाला रोख, उत्कृष्ट गोलंदाजाला रोख, सर्वाधिक षटकारांना वेगळं रोख. क्षेत्ररक्षकासाठी साधा चषकही नाही. स्कोअरबुकात क्षेत्ररक्षकाचा स्वतंत्र रकाना हवा, ही या स्तंभाची मागणी वाचकांना आता पाठ झाली असेल. पण असं पत्रक दिसलं की एकनाथ सोलकर आठवतो आणि ती पुन्हा मांडावीच लागते.

सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचे आणि कुटुंब तिथल्याच एका खोलीत राहायचं. मैदानावर वाढलेला हा मुलगा फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर उभा राहायचा, तोही हेल्मेटविना. 27 कसोटींत 53 झेल, हे प्रमाण आजही जगातल्या भल्याभल्यांना गाठता आलेलं नाही. 1971 च्या ओव्हल कसोटीत पहिल्या डावात 90 धावा केलेल्या ॲलन नॉटला दुसऱ्या डावात वेंकटराघवनच्या चेंडूवर त्यानं झेपावून टिपलं. इंग्लंड 101 धावांत गुंडाळलं गेलं आणि भारतानं इंग्लंडमधली पहिली कसोटी जिंकली. पुढं 1972-73 च्या मालिकेत त्याच इंग्लंडविरुद्ध त्यानं 12 झेल घेतले.

त्याच्याशेजारी ठेवून पाहण्याजोगा खेळाडू क्रिकेटमध्ये सापडत नाही, तो बेसबॉलमध्ये सापडतो: अमेरिकेचा ऑझी स्मिथ. त्याची जागा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. उजव्या हाताच्या फलंदाजांचे जमिनीलगतचे फटके सर्वाधिक तिथंच येतात. चेंडू अडवून, उठून, धावपटू पोचायच्या आत पहिल्या बेसपर्यंत लांब फेक करावी लागते. 1978 मध्ये सॅन डिएगोच्या संघातून स्मिथ पदार्पण करता झाला. त्याच मोसमात डावीकडे सूर मारताना चेंडू वेडावाकडा उसळला, तेव्हा त्यानं तो मोकळ्या उजव्या हातानं पकडून फलंदाजाला बाद केलं. पुढच्या वर्षी मात्र त्याची बॅट मुकी झाली. शंभर संधींमागे जेमतेम 21 यशस्वी फटके. फलंदाजीच्या तराजूत तोललं असतं तर तो तिथंच संपला असता.

तो संपला नाही, कारण बेसबॉलच्या वहीत त्याच्या कामाला नाव होतं. ज्याच्या फेकीमुळे गडी बाद होतो त्याच्या खात्यावर 'असिस्ट' लिहिला जातो. 1980 मध्ये स्मिथनं 621 असिस्ट केले. शॉर्टस्टॉपच्या एका मोसमाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या वर्षापासून सलग 13 वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार त्याच्याकडेच राहिला. 1982 च्या मोसमाआधी सेंट लुईसनं गॅरी टेम्पलटनसारखा नावाजलेला फलंदाज देऊन त्याला घेतलं आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. तिथले प्रशिक्षक व्हायटी हर्झॉग यांनी त्याला उंच फटके सोडून चेंडू जमिनीलगत मारायला आणि पायांच्या वेगावर धावायला लावलं. बॅट हळूहळू सुधारत गेली: 1987 मध्ये शंभरामागे 30 यशस्वी फटके, होमरन एकही नाही, तरी सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा. 1996 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 2,460 यशस्वी फटके होते.

आता सोलकर. तो निव्वळ झेल घेणारा कधीच नव्हता. 1971 मध्ये किंग्स्टनला 5 बाद 75 वर येऊन त्यानं दिलीप सरदेसाईंसोबत 137 धावांची भागी केली. 1974 मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव 42 धावांत आटोपला, त्यातल्या 18 सोलकरच्या, नाबाद. जानेवारी 1975 मध्ये वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध शतक. आणि 1977 च्या पहिल्या आठवड्यात कोलकात्यात शेवटची कसोटी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. स्मिथची कारकीर्द त्या वयानंतर आणखी 13 मोसम चालली!

फलंदाजीची सरासरी 25.42, एवढाच आकडा निवड समितीच्या टेबलावर राहिला असणार. 'झे. सोलकर गो. बेदी' असं लिहिलं की बळी बेदींच्या खात्यावर जातो आणि सोलकर कंसातल्या मजकुरासारखा उरतो. प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांचा धाक फलंदाजाला पुढं सरसावू देत नसे, त्यात शॉर्ट लेगच्या त्या दोन हातांचा वाटा किती, हे कुठल्याच रकान्यात मावलं नाही.

इथं विदर्भाचा विषय येतो. आट्यापाट्या खेळून वाढलेल्या पोराला बॅटजवळ उभं करून पाहावं, असं या स्तंभानं मागे सुचवलं होतं. पाटीवर उभं राहून समोरच्याच्या कमरेची हालचाल वाचायची सवय ज्याला आहे, त्याला शॉर्ट लेग परका वाटणार नाही. गडचिरोलीच्या गावांत कबड्डीचे असे कोपरारक्षक आहेत, ज्यांच्या हातात कुणी कधी चेंडू दिलेला नाही. आणि दिला तरी सूर मारायचा कुठं? विसापूरच्या क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक झाला, चांगलंच झालं. पण तालुक्यांची बहुतेक मैदानं अजून मुरुमाची आहेत. एकदा कोपर सोलवटलं की पोरगा पुढच्या चेंडूला झेपावत नाही, आणि क्षेत्ररक्षक तिथंच मरतो.

गवताला पैसे लागतात, वहीत रेघ मारायला लागत नाहीत. यंदाच्या आयोजकांनी प्रत्येक सामन्यात झेल, धावबाद आणि अडवलेले चौकार खेळाडूच्या नावासमोर लिहावेत, आणि षटकारांच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्या रकान्यात पहिल्या येणाऱ्याला द्यावी.