धाकट्या भावाची तलवार

इंग्रज लोक नाताळांत ज्या ‘सज्जन राजा वेन्सेस्लास’चें गीत गातात, तो वस्तुतः राजा नव्हता, मध्य युरोपांतील बोहेमिया देशाचा तो ड्यूक होता व चेक लोक त्यास वात्स्लाव म्हणतात. इ. स. ९३५ च्या २८ सप्टेंबर रोजीं (कांहीं इतिहासकारांच्या मतें ९२९ सालीं) सख्ख्या धाकट्या भावानें त्याचा घात करविला. ख्रिस्ती जगानें त्यास हुतात्मा मानिलें. परंतु आमच्या वाचकांनीं ही कथा तलवारीपासून नव्हे, सासूसुनांपासून वाचावी, अशी आमची विनंति आहे.

९२१ सालीं बाप व्रातिस्लाव वारला, तेव्हां मुलगे लहान होते. वात्स्लावाचें शिक्षण आजी लुडमिला हिच्या देखरेखीखालीं चाले. कारभार सून द्राहोमिरा हिच्या हातीं आला. उद्यांचा राजा कोणाच्या ओंजळीनें पाणी पिणार, हा वाद इतका विकोपास गेला कीं, त्याच वर्षीं सुनेच्या माणसांनीं सासूस गळा आवळून ठार केलें. सत्ता कशी मिळवावी, याचा धडा त्या घरांतील मुलांस निराळा देण्याची गरज उरली नाहीं.

पुढें वात्स्लाव गादीवर आला. जर्मन राजा हेन्री चालून आला असतां त्यानें खंडणी कबूल केली. इकडे धाकट्या बोलेस्लावाभोंवतीं एक गट जमला. त्यानें थोरल्यास आपल्या गांवीं देवळाच्या उत्सवास बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे प्रार्थनेस जातांना त्यानेंच पहिला वार केला. चरित्रकथा सांगतात कीं, थोरल्यानें त्यास खालीं पाडलें, पण उलट वार केला नाहीं. इतक्यांत धाकट्याचे सोबती धांवून आले आणि देवळाच्या दाराशीं वात्स्लावाचा अंत झाला.

हा धर्माचा झगडा म्हणावा, तर बोलेस्लावही ख्रिस्तीच होता. त्यानेंच पुढें भावाच्या अस्थि, भावानें बांधविलेल्या प्राग येथील देवळांत आणविल्या. त्याची एक कन्या तर मठाची अधिकारिणी झाली. तो जर्मनांशीं सुमारें चौदा वर्षें झुंजला. परंतु ज्या वर्चस्वापुढें भाऊ नमला होता, त्यापुढेंच ९५० सालीं त्यासही नमावें लागलें. राज्य त्यानें पुष्कळ वाढविलें, तरी इतिहासांत त्याचें नांव ‘क्रूर बोलेस्लाव’ असेंच राहिलें. आणि चेक राष्ट्र आज सुटी पाळतें, ती थोरल्याच्या मृत्युदिनाची.

भावाभावांत चुरस असावयाचीच. ती एकाच ताटांत जेवतां जेवतां विरते देखील. परंतु ‘हा माझा, तो तिचा’ अशी वडीलधाऱ्यांनीं आधीं मुलांचीच वांटणी केली, म्हणजे पुढची जमिनीची वांटणी हें केवळ कागद करण्याचें काम उरतें. तलवार धाकट्यानें उपसली खरी. तिला धार त्या घरांत फार पूर्वींच लागली होती.