जिच्या कळा, तिचा कौल

बाळंतपण हा विषय मोठा मजेचा आहे. ज्यांना ते करायचं नसतं, त्यांनाच त्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं असतं. घरात कुणाचं डोहाळजेवण झालं रे झालं, की आजेसासूबाईंपासून शेजारच्या काकांपर्यंत जो तो सल्ल्याची पुरचुंडी सोडून बसतो. पूर्वी हे सल्ले पपई खाऊ नये आणि तूप खावं एवढ्यावर भागत. अलीकडे त्यांत एका नव्या वादाची भर पडली आहे. कळा सोसाव्यात, की पाठीत इंजेक्शन घेऊन त्या बोथट कराव्यात?

आमच्याकडे हा वाद यंदाच्या श्रावणात उपटला. नणंदेची लेक पहिलटकरीण. नोकरी पुण्याला, बाळंतपण माहेरी दादरला. एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते, तेव्हा ती सहज बोलून गेली, "मामी, मी एपिड्युरल घेईन म्हणते." झालं! नणंदबाईंनी डाव तसाच वरणात सोडला. "दोन बाळंतपणं झाली माझी. साधी गोळी नाही घेतली. तुम्हां मुलींना सोसायला म्हणून नको!" पुरुषमंडळींनी एकाएकी कोशिंबिरीत लक्ष घातलं. पोरगी गप्प बसली. मागाहून स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून हळूच म्हणाली, "कळांची मला तेवढी भीती नाही गं मामी. ऐन वेळी मी इंजेक्शन मागितलं, तर आई काय म्हणेल, याचीच जास्त वाटते."

नव्वदीला टेकलेल्या आमच्या सासूबाई पलीकडे जप करत बसल्या होत्या. त्यांची चारही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. त्या लेकीचीच बाजू घेतील असं मला वाटलं होतं. पण माळ खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आम्ही सोसलं ते दुसरं काही नव्हतं म्हणून. औषध समोर ठेवलं असतं, तर मी काही नको म्हटलं नसतं हो!"

खरं तर हा वाद पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला. त्यावर बायकांनी वेदना सोसाव्यात हीच देवाची इच्छा, अशी ओरड झाली. सिम्प्सनही बायबल वाचलेला गृहस्थ. आदामाची बरगडी काढण्याआधी देवानंच त्याला गाढ झोपवलं होतं, याची त्यानं आठवण करून दिली. पुढे १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांनी तिला रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून हुंगवले. राणीनं घेतलं म्हटल्यावर टीकाकारांचा आवाज बराच खाली आला.

पण म्हणून दुसरी बाजू खोटी ठरत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतून 'अर्धनिद्रे'ची पद्धत निघाली. मॉर्फीन आणि स्कोपोलमीन टोचत. बाईला कळा येतच असत, ती ओरडतही असे. फक्त नंतर तिला काही आठवत नसे. आपलं मूल कधी झालं हेच आईला ठाऊक नाही! अशा गुंगीच्या बाळंतपणांच्या त्या काळात इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिलं. भीतीनं अंग आखडतं, आखडलं की दुखणं वाढतं, तेव्हा आधी भीती घालवा, हे त्यांचं सांगणं. पुढे पॅरिसच्या डॉ. लमाझ यांनी श्वासोच्छ्वासाची शिस्त शिकवली. म्हणजे गंमत पाहा, औषध आलं ते बाईला वेदनेतून सोडवायला, आणि नैसर्गिक प्रसूतीचा विचार आला तो तिला गुंगीतून सोडवायला. दोन्ही वाटा बाईच्या भल्यासाठी निघाल्या आणि आपण त्यांच्यावरून बाईलाच बोल लावतो!

आता आजचं इंजेक्शन काय आहे ते पाहू. एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत एक बारीक नळी सरकवतात आणि तिच्यातून थोडंथोडं औषध सोडतात. आई शुद्धीवर असते, बोलते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. कळ येते, पण दाब आल्यासारखी वाटते. सीझर करायची वेळ आलीच, तर पुष्कळदा त्याच नळीतून जास्त औषध देऊन भागतं.

"यानं सीझर होतं" आणि "जन्मभर पाठ धरते" हे दोन आक्षेप मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकले आहेत. आजवरच्या अभ्यासांत या दोहोंना आधार सापडलेला नाही. मात्र हे औषध अगदीच निरुपद्रवी आहे असंही कुणी समजू नये. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, ताप येऊ शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी घालावी लागते. शेवटचा जोर करण्याचा टप्पा लांबू शकतो. साधारण शंभरात एकीचं डोकं नंतर काही दिवस फार दुखतं आणि दहांतल्या एखादीला पुरेसा आराम पडत नाही. रक्त गोठण्यात दोष असेल, तर डॉक्टर ते देतही नाहीत.

औषधाशिवायची वाटही 'पड आणि सोस' अशी नव्हे. हिंडणंफिरणं, कोमट पाण्याची आंघोळ, कंबर चोळून देणं, श्वासाची लय, या सगळ्यांनी फरक पडतो. सर्वांत मोठा फरक पडतो तो उशाशी सतत कुणी आपलं माणूस असण्यानं. अशी सोबत असली, की औषधाची गरजही कमी पडते आणि बाळंतपण थोडं लवकर होतं. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या सुनेनं हीच वाट धरली. रात्रभर नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून ती येरझारा घालत होती. "मला त्यातून माझं मी जायचं होतं," असं ती आजही समाधानानं सांगते. तिला कुणी जुनाट म्हटलं, तर मला तेही आवडणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणाविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत निरोगी बाईनं वेदनाशमन मागितलं तर एपिड्युरलही सांगितलं आहे आणि श्वास, मालिश, शेकही सांगितले आहेत. मला त्यातला 'मागितलं तर' हा भाग फार मोलाचा वाटतो. मागायची तिनं. सासूनं नव्हे, आईनं नव्हे, आणि मोबाइलवर दोन लेख वाचून शहाण्या झालेल्या नवऱ्यानंही नव्हे.

आणि तिनं मागायचं, तर ते मिळण्याची सोय हवी. आपल्याकडे खरी अडचण इथंच आहे. कितीएक ठिकाणी रात्री भूलतज्ज्ञ हजर नसतात, किंवा ते कुणाला विचारायचं हेच घरच्यांना माहीत नसतं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच प्रसूतिगृहात चार प्रश्न विचारून ठेवावेत. भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्री येतील का? खर्च किती? कळा सुरू झाल्यावर हिंडूफिरू देतील का? आणि सोबतीला कुणाला आत घेतील? सरकारी रुग्णालयांत सोबतीण ठेवू देण्याचं धोरण केंद्र सरकारनं २०१६ सालीच ठरवलं आहे, तेव्हा हा प्रश्न तिथंही संकोच न करता विचारावा.

नणंदेच्या लेकीला मी एवढंच सांगितलं, "आज ठरवलंस ते शपथपत्र नव्हे. घ्यायचं म्हणून गेलीस आणि न घेता निभावलं तर उत्तम. घ्यायचं नाही म्हणून गेलीस आणि पहाटे मागितलंस, तरी तेवढंच उत्तम. फक्त डॉक्टरांना आधी विचारून ठेव." नणंदबाई शेजारीच होत्या. त्या लगेच काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या तपासणीला त्याच लेकीबरोबर गेल्या आणि भूलतज्ज्ञांची फी त्यांनीच विचारून आल्या. आमच्या नणंदबाई हार मानतात ती अशी!

बाळंत झालेल्या बाईला आपण 'मोकळी झाली' म्हणतो. किती चांगला शब्द आहे! मग ती कशी मोकळी झाली याचा हिशेब बारशाच्या दिवशी कशाला मांडायचा? यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरी कुणी दिवस भरत आलेली लेक-सून असेल, तर तिला फराळाचं ताट द्या, पाठीला उशी द्या आणि एक अभय द्या, "तुला त्या वेळी जे हवंसं वाटेल ते माग. आम्ही तुझ्या बाजूला आहोत." डिंकाच्या लाडवांचं नंतर पाहू. ते कुणी चुकवू म्हटलं तरी आपल्या घरांत चुकत नाहीत!