शब्दांची गंमत : दोन 'ओ'वालं रूट

बालमित्रांनो, एस.टी. स्टँडवर 'रूट' ऐकलं की गाडीचा मार्ग आठवतो ना? आज आपण त्याच्या जुळ्या भावाला भेटू. देवनागरीत दोघे अगदी सारखे दिसतात. इंग्रजी स्पेलिंग तेवढं वेगळं. दोन 'ओ' असलेलं रूट म्हणजे झाडाचं मूळ.

हे मूळ कुठे कुठे पोचलंय पाहा! दाताचं मूळ रूट, केसाचंही रूटच. गणितात ४९ चं स्क्वेअर रूट ७. आपणही त्याला वर्गमूळच म्हणतो. मुळाला लॅटिन भाषेत 'रॅडिक्स' म्हणतात. त्यावरूनच इंग्रजीत 'रॅडिश' आला, म्हणजे आपला मुळा! मराठीतही मुळावरूनच मुळा. आहे की नाही गंमत?

'मूळ गाव' याचं भाषांतर मात्र 'रूट व्हिलेज' करू नका हं! तिथे अनेकवचन लागतं. 'माय रूट्स आर इन रत्नागिरी' असं म्हणायचं.

आता रत्नागिरीचा विषय निघालाच आहे, तर हापूसचं मूळ कुठलं, सांगा पाहू?

हापूसचं कलम कसं करतात ठाऊक आहे? बहुतेक वेळा रायवळ आंब्याची कोय पेरतात. कोवळं रोप आलं की त्याचा शेंडा छाटतात, त्यात हापूसची काडी बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. खालच्या रोपाला म्हणतात खुंट, इंग्रजीत 'रूटस्टॉक'. म्हणजे फळ हापूसचं, पण मूळ रायवळचं! 'अल्फान्सो' हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीवरून पडलं असं सांगतात. आणि २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या नावाने. नाव परक्याचं, मूळ रायवळचं, ओळख कोकणची. तिन्ही उत्तरं बरोबर!

तुमच्या वर्गातही असं कुणी असेल. आजोळ संगमेश्वरला, वडिलांचं गाव विदर्भात, जन्म मुंबईचा. 'तू नक्की कुठला?' या प्रश्नाला तो अडखळला, तर हसू नका बरं का! नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, अशी म्हण आहे. मित्राचं मूळ खुशाल विचारा. फक्त एकाच उत्तराचा हट्ट धरू नका.

या आठवड्याचा गृहपाठ : 'मूळ' असलेले पाच शब्द किंवा वाक्प्रचार शोधा. आजी-आजोबांची मदत चालेल!