टेस्ट पास, पण ॲप उघडेना! लिनक्सवर असं का होतं?

फोनवर ॲप टाकायचं तर प्ले स्टोअर उघडायचं, इन्स्टॉल दाबायचं, झालं. लिनक्सवर एवढं सोपं नाही. उबंटू आणि डेबियनला डेब पॅकेज लागतं, फेडोरा आणि रॉकीला आरपीएम, आर्चचं तर तिसरंच काहीतरी. आणि पॅकेज इन्स्टॉल झालं तरी ॲप उघडेलच याची गॅरंटी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएस कोड वापरणाऱ्यांना याचा चांगलाच झटका बसला. १.८६ आवृत्ती आली आणि उबंटू १८.०४ किंवा सेंटओएस ७ असलेल्या आपल्याच सर्व्हरला लोकांना रिमोटने जोडता येईना. कारण होतं ग्लिबसी. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या पायावर उभे असतात ती ही लायब्ररी. नव्या व्हीएस कोडला ती २.२८ हवी होती, सेंटओएस ७ मध्ये होती २.१७. सेंटओएस ७ जुनी होती खरी, पण तिचा सपोर्ट ३० जून २०२४ पर्यंत चालू होता. आरडाओरडा झाल्यावर मायक्रोसॉफ्टने १.८६.१ काढून वर्षभराची मुदत दिली.

ग्लिबसीचा नियम एकाच बाजूने चालतो. जुन्या ग्लिबसीवर बनवलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, उलटं बहुतेक वेळा होत नाही. म्हणून हुशार डेव्हलपर मुद्दाम जुन्या सिस्टीमवर बिल्ड करतात. अनेकांसाठी ती सिस्टीम होती गिटहबची उबंटू २०.०४ मशीन. कोड पुश केला की या मशीन आपोआप बिल्ड आणि टेस्ट करतात, यालाच सीआय म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये गिटहबने २०.०४ बंद केली. मग सेटिंगच्या फाइलमध्ये फक्त २०.०४ चं २२.०४ केलं तर? बिल्ड होतो, टेस्ट पास होतात, हिरवी टिक येते. पण २२.०४ वर ग्लिबसी आहे २.३५ आणि डेबियन ११ वर २.३१. तिथल्या युजरला ॲप उघडताच एरर! टेस्ट खोटी नव्हती, ती फक्त जिथे बिल्ड झाला तिथेच चालवली होती.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. बिल्ड जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये करा. मग तयार पॅकेज डेबियन, उबंटू, फेडोरा, रॉकी अशा प्रत्येकाच्या कोऱ्या कंटेनरमध्ये इन्स्टॉल करा आणि ॲप एकदा खरंच चालवून बघा. कोऱ्या हे महत्त्वाचं, कारण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळ्या लायब्ररी आधीच पडलेल्या असतात. उबंटू २४.०४ मध्ये तर २०३८ च्या तारखेच्या घोळावर उपाय करताना काही लायब्ररींची नावंच बदलली. स्क्रिप्टमध्ये आवाजाच्या लायब्ररीचं जुनं नाव, लिबअसाउंड२, राहिलं असेल तर इन्स्टॉल तिथेच अडतं. कोऱ्या कंटेनरमध्ये हे मिनिटभरात कळतं.

पण कंटेनरवर डोळे झाकून विश्वास नको. कंटेनरचा कर्नल स्वतःचा नसतो, खालच्या मशीनचा असतो. उबंटू २४.०४ ने ॲपआर्मरमधून एक सुरक्षा नियम कडक केला आणि इलेक्ट्रॉनवर बनलेली कितीतरी ॲपइमेज सँडबॉक्सची एरर देऊन बंद पडायला लागली. २२.०४ च्या मशीनवर २४.०४ चा कंटेनर चालवला तर ही एरर दिसतच नाही, कारण तो नियम तिथे लागूच होत नाही. त्यासाठी पूर्ण व्हर्च्युअल मशीनच लागते. ती हळू चालते, सीआयची मिनिटं जास्त खाते, म्हणून छोटे प्रोजेक्ट तिला टाळतात आणि पहिली टेस्ट युजरच्या लॅपटॉपवर होते.